ज्वारीच्या मुळाशी फुलणारा टारफुला

वाशीम जिल्ह्यातील बरड जमिनीवर जिथे अजून खरीप ज्वारी पेरली जाते, तिथे ज्वारी पोटरीतून निसवू लागली की ताटांच्या बुडाशी आणि दोन तासांमधल्या मोकळ्या जागेत वीतभर उंचीची, अरुंद खरबरीत पानांची आणि पांढऱ्या फुलांची रोपे झुबक्याने उभी राहतात. ही रोपे टारफुल्याची. टारफुला ही एकवर्षायू, म्हणजे उगवण, फुलोरा, बी आणि मरण हे सारे एकाच हंगामात उरकणारी, भारतात मूळचीच असलेली रानवनस्पती असून शेतकऱ्याच्या लेखी ती तण आहे, तर वनस्पतिशास्त्राच्या लेखी परोपजीवी. रानफुलाची माहिती देताना त्याचा अधिवास सांगण्याची रीत आहे, म्हणजे ते कातळावर येते की पाणथळीत, उन्हात येते की झाडांच्या सावलीत, हे नोंदवले जाते. टारफुल्याच्या बाबतीत असे उत्तर अपुरे पडते, कारण त्याचा खरा अधिवास म्हणजे दुसऱ्या एखाद्या वनस्पतीचे जिवंत मूळ. त्यामुळे वाशीमच्या शिवारात हे फूल किती दिसावे, हे पावसावर आणि मातीवर जितके अवलंबून राहिले आहे, त्याहून अधिक त्या वावरात आधी काय पेरले होते आणि यंदा काय पेरले आहे, यावर ठरत आले आहे.

टारफुल्याचा समावेश स्ट्रायगा या प्रजातीत होतो. लिनीअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला वेगळ्याच प्रजातीत घातले होते. स्ट्रायगा ही स्वतंत्र प्रजाती पोर्तुगीज धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो याने १७९० मध्ये, कोचीन-चायनातील वनस्पतींवरच्या आपल्या ग्रंथात, मांडली. जुन्या वनस्पतिकोशांत तिचे कुल स्क्रोफ्युलॅरिएसी असे दिलेले आढळते, परंतु जनुकांच्या अभ्यासानंतर ती ओरोबँकेसी या कुलात हलवण्यात आली असून तंबाखूच्या मुळांवर वाढणारा बंबाखू याच कुलातला आहे. महाराष्ट्रात टारफुला या एकाच नावाखाली निदान तीन जाती येतात, स्ट्रायगा एशियाटिका, स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा आणि स्ट्रायगा अँगुस्टिफोलिया, आणि तिघींची फुले पांढरी असल्याने उभ्या उभ्या त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. ओळखण्याची खूण बारीक आहे, पण पक्की आहे. फुलाच्या बुडाशी हिरव्या निदलांची जी नळी असते ती भिंगाखाली धरून तिच्यावरचे उभे कंगोरे मोजायचे: पाच असतील तर डेन्सिफ्लोरा, दहा असतील तर एशियाटिका आणि पंधरा असतील तर अँगुस्टिफोलिया. या नळीतून पाकळ्यांची सडपातळ नळी वर येते, टोकाजवळ एकदम वाकते आणि मग दोन ओठांत उघडते. वरचा ओठ आखूड, खालचा तीन पाळ्यांचा. सारे फूल जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचे असते, आणि रोप उपटून ठेवले तर वाळताना ते काळपट पडते.

एशियाटिका जातीचे फूल भारतात बहुधा पांढरे, क्वचित पिवळसर असते, तर आफ्रिकेत हीच जाती लालभडक फुलते. एवढे डोळ्यात भरणारे फूल कीटकांसाठीच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या जातीत परागकण फूल पुरते उमलण्याआधीच त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात आणि बीजधारणा स्वपरागणाने होते. एकट्या पडलेल्या एका रोपालाही वंश चालवता यावा, अशी ही व्यवस्था असून तणाच्या पसाऱ्याला ती फार सोयीची ठरते.

वाशीम हा जिल्हा अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, आणि वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा असे त्याचे सहा तालुके आहेत. इंग्रजी अमदानीतही वऱ्हाडात वाशीमचा स्वतंत्र जिल्हा होता आणि १९०५ मध्ये तो मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन करण्यात आला होता. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पूर्वेकडील पसाऱ्यात हा मुलूख येतो आणि दोन मोठ्या खोऱ्यांमधला पाणलोटाचा कणा त्यातून गेला आहे: काटेपूर्णा इथल्या डोंगरातून निघून उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे पर्यायाने तापीकडे जाते, तर पैनगंगा, अडाण आणि अरुणावती यांचे पाणी वर्धेच्या वाटेने गोदावरीला मिळते. अशा कण्यावरच्या प्रदेशात माती एकसारखी असूच शकत नाही. बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली माती पावसाने उतारावरून खाली वाहून नेल्यामुळे नदीकाठी खोल काळी कसदार जमीन साचली आहे आणि वरच्या अंगाला हातभर खोलीवर मुरूम लागणारी, पाणी न धरणारी, नत्र आणि स्फुरद दोन्ही कमी असलेली बरड जमीन उरली आहे. टारफुला दोन्हीकडे येऊ शकतो, परंतु त्याचा जोर बरडावर असतो. याचे कारण केवळ हलक्या मातीत सापडत नाही. ते कळण्यासाठी त्याच्या बीपासून सुरुवात करावी लागते.

टारफुल्याचे बी डोळ्यांना धुळीसारखे दिसते; त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरत नाही आणि एका जोमदार रोपावर अशा बियांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाऊ शकते. एवढ्याशा बीमध्ये अंकुराला पोसण्यापुरते अन्न जवळजवळ नसतेच, त्यामुळे ज्वारीचे किंवा तुरीचे बी ओल मिळताच उगवते, तसे उगवणे टारफुल्याला परवडणारे नसते. उगवल्यावर चार-पाच दिवसांत यजमानाचे, म्हणजे ज्याच्यावर जगायचे त्या वनस्पतीचे, मूळ हाती लागले नाही तर अंकुर मरतो. म्हणून हे बी वाट पाहते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ओल आणि ऊब एक-दोन आठवडे टिकली की ते उगवण्याच्या तयारीत येते, पण तयारीत येऊनही उगवत नाही. जवळून, अगदी काही मिलिमीटरवरून, यजमानाचे मूळ गेले आणि त्या मुळातून पाझरणारे विशिष्ट रसायन बीपर्यंत पोचले, तरच ते फुटते. मूळ आलेच नाही तर ते पुन्हा सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात नव्याने तयारी करते. अशा रीतीने मातीत दहा वर्षे, आणि परिस्थिती अनुकूल असल्यास त्याहूनही अधिक काळ, हे बी जिवंत राहते. एखाद्या वर्षी वावरात टारफुला दिसला नाही म्हणजे तो गेला, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

अंकुर यजमानाच्या मुळाला भिडला की त्याच्या टोकाची वाढ थांबते आणि तिथे गाठीसारखा एक अवयव तयार होतो, त्याला शोषकमूल म्हणतात. हा अवयव तयार करण्याचा इशाराही यजमानाच्याच मुळातून सुटणाऱ्या रसायनांकडून मिळतो, म्हणजे पहिल्या रसायनाने बी जागे होते आणि दुसऱ्याने ते चिकटते. शोषकमूल ज्वारीच्या मुळाची साल भेदून आतल्या जलवाहिन्यांपर्यंत पोचते आणि दोन वनस्पतींच्या वाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. त्यानंतरचे साधारण चार ते सात आठवडे टारफुला जमिनीखालीच वाढतो. त्या काळात त्याला हिरवा रंग नसतो, प्रकाश नसतो आणि पाणी, क्षार, साखर हे सारे त्याला ज्वारीकडूनच मिळते. जमिनीबाहेर आल्यावर पाने हिरवी होतात आणि तो स्वतःही थोडेफार अन्न तयार करू लागतो, म्हणूनच त्याला पूर्ण परोपजीवी न म्हणता अर्धपरोपजीवी म्हणतात. आंब्यावरचे बांडगूळ आणि जंगलातला चंदन हेही याच अर्थाने अर्धपरोपजीवी आहेत, कारण दोघेही हिरवे असून दुसऱ्याच्या अंगात मुळे रोवतात. मात्र चंदन आपल्या यजमानाला सहसा आडवे पाडत नाही. टारफुला पाडतो.

ज्वारीचे जे नुकसान होते ते टारफुल्याने ओढून घेतलेल्या अन्नाच्या हिशोबात बसत नाही, त्याहून ते पुष्कळ जास्त असते, आणि या गोष्टीने संशोधकांना बराच काळ कोड्यात टाकले होते. शोषकमूल जोडले गेल्यावर ज्वारीच्या शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे वाढीचे नियमन करणाऱ्या द्रव्यांचा, तोल बिघडतो. ताट खुंटते, मुळांकडे अधिक अन्न वळते आणि पानांची अन्न तयार करण्याची क्षमताच घटते. त्यात टारफुल्याची पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची श्वसनाची छिद्रे, पाण्याचा ताण पडला तरी फारशी मिटत नाहीत, त्यामुळे त्याच्या पानांतून पाणी उडत राहते आणि तेवढे पाणी ज्वारीच्या मुळांतून खेचले जाते. परिणामी जमिनीत ओल असतानाही ज्वारी भर दुपारी माना टाकते, पाने गुंडाळते आणि पिवळी पडते. लांबून पाहणाऱ्याला हे पाऊस उघडल्याचे लक्षण वाटते. टारफुला डोळ्यांना दिसतो तो यानंतर. डवरणी झालेली असते, निंदण झालेले असते, आणि जे नुकसान व्हायचे त्यातले बरेचसे जमिनीखाली होऊनही गेलेले असते. म्हणून फुलावर आलेला टारफुला उपटण्याचा फायदा यंदाच्या पिकाला थोडा आणि पुढच्या अनेक वर्षांच्या पिकाला अधिक असतो.

ज्वारीने आपल्या वैऱ्याला जागे करणारे रसायन मुळांतून सोडावेच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. या रसायनांच्या गटाला आज स्ट्रायगोलॅक्टोन असे म्हणतात आणि त्यांचे खरे काम २००५ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडून दाखवले. मातीत काही बुरशी अशा असतात की त्या मुळांच्या आत शिरून राहतात, स्वतःच्या तंतूंनी दूरवरचे स्फुरद गोळा करून झाडाला देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. या भागीदारीला कवकमूल म्हणतात आणि जमिनीवरील बहुसंख्य वनस्पती तिच्यावर विसंबून असतात. स्ट्रायगोलॅक्टोन हे या बुरशीला बोलावण्याचे निमंत्रण आहे. त्याच रसायनांमुळे झाडाला किती फांद्या फुटाव्यात हेही ठरते, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. टारफुल्याच्या बीने लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत एवढेच केले की दुसऱ्यासाठी असलेले हे निमंत्रण ओळखायला ते शिकले. आता बरड जमिनीचा प्रश्नही सुटतो. जिथे स्फुरद आणि नत्र कमी, तिथे ज्वारीला बुरशीची गरज जास्त. गरज जास्त म्हणून ती निमंत्रण अधिक सोडते. आणि निमंत्रण अधिक म्हणून टारफुल्याचे बीही अधिक जागे होते. शेणखत आणि नत्र पुरेसे पडलेल्या वावरात टारफुला कमी दिसतो, हा जाणत्या शेतकऱ्यांचा अनुभव रसायनशास्त्राने अशा प्रकारे खरा ठरवला आहे. दुर्दैव इतकेच की ज्याची जमीन बरड, त्याच्याकडेच खताला पैसा कमी असतो.

या रसायनांपैकी जे पहिले हाती लागले त्याची कथा वऱ्हाडच्या वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी स्ट्रायगॉल नावाचे द्रव्य वेगळे काढले, आणि ते काढले ज्वारीच्या नव्हे तर कपाशीच्या मुळांतून. कपाशीच्या मुळांचा पाझर टारफुल्याचे बी जागे करतो, पण कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. अंकुर फुटतो, मुळाशी जातो आणि उपाशी मरतो. अशा पिकाला सापळा पीक म्हणतात आणि बीच्या अशा उगवणीला शास्त्रज्ञांनी आत्मघातकी उगवण असे नाव दिले आहे. आता वऱ्हाडातील जुनी पीकपद्धती पाहिली तर कापूस आणि ज्वारी ही या भागाची दोन प्रमुख पिके होती, त्यांची वर्षाआड फेरपालट करण्याचा प्रघात होता आणि पऱ्हाटीच्या तासांमध्ये तुरीची ओळ असे. या फेरपालटीमागे टारफुला हे कारण होते असे म्हणता येणार नाही. ज्वारीने घराला दाणा आणि बैलांना कडबा मिळे, कपाशीने हाती रोख रक्कम येई आणि एकाच पिकाने जमीन थकते हे ठाऊक होते. परंतु परिणाम असा होत असे की ज्या वर्षी वावरात पऱ्हाटी उभी असे, त्या वर्षी टारफुल्याच्या साठलेल्या बियांपैकी काही फुकट उगवून मरत आणि पुढल्या वर्षीच्या ज्वारीवरचा भार तेवढा हलका होत असे. फूल पूर्णपणे नाहीसे होत नव्हते आणि ज्वारीही पूर्णपणे बुडत नव्हती. प्रयोगशाळेत जे १९६६ मध्ये कळले त्याचा लाभ वऱ्हाडची शेती त्याआधी किती तरी पिढ्या घेत होती, हे तिच्या श्रेयात मांडायला हरकत नसावी.

ज्वारी हे पीक मुळात भारतातले नाही, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यावी लागते. ज्वारीचे गवत प्रथम आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या परिसरात, माणसाळवले गेले आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतीय उपखंडात आली. टारफुल्याच्या जाती मात्र इथल्या माळरानांवर ज्वारीच्या आधीपासून, रानगवतांच्या मुळांवर जगत होत्या. म्हणजे या जोडीत यजमान बाहेरून आलेला आहे आणि त्याच्या जिवावर राहणारा स्थानिक आहे. माळावरच्या गवतात टारफुला विरळ असतो, कारण तिथे गवतांच्या अनेक जाती मिसळलेल्या असतात आणि सोयीचे मूळ प्रत्येक बीच्या वाट्याला येत नाही. माणसाने माळ मोडून त्यावर मैलोन्‌मैल एकाच जातीचे गवत ओळीने पेरले, तेव्हा या रानफुलाला असा सलग अधिवास मिळाला जो निसर्गात कुठेच नव्हता. बाजरी, मका, ऊस, कोदो ही त्याची इतर यजमान पिकेही गवताच्याच कुळातली आहेत. याच प्रजातीतील स्ट्रायगा गेस्नेरिऑइडिस ही जाती तेवढी रुंद पानांच्या वनस्पतींवर जगते आणि पश्चिम आफ्रिकेत चवळीच्या पिकाला सतावते.

स्वातंत्र्योत्तर काळात शेतीला आलेल्या वेगाने हे जुने संतुलन दोनदा हलवले. पहिल्यांदा ते टारफुल्याच्या बाजूने झुकले. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात १९६४ मध्ये प्रसारित झाला आणि त्यामागोमाग बुटके, लवकर येणारे, भरघोस उत्पन्नाचे वाण खरिपात सर्वत्र पसरले. खत आणि पाऊस साथ देई तोवर त्यांची बरोबरी गावरान ज्वारीला करता येत नव्हती, पण यातले अनेक वाण टारफुल्याला सहज बळी पडणारे होते. गावरान वाणांत प्रतिकार करणारे काही वाण आहेत, हे संशोधकांना माहीत होते आणि हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा वाणांचा शोध घेऊन प्रतिकारक्षम ज्वारी पैदा करण्याचे काम हाती घेतले. या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला शास्त्रज्ञ म्हणजे इथिओपियात जन्मलेला आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात काम करणारा गेबिसा एजेटा; टारफुल्याच्या आफ्रिकी भाईबंदांना आणि दुष्काळाला तोंड देणाऱ्या ज्वारीच्या वाणांबद्दल त्याला २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. प्रतिकार करणाऱ्या काही ज्वारींच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन सुटते, पण ते थोड्या वेगळ्या घडणीचे असते, इतक्या वेगळ्या की बुरशीला ते कळते आणि टारफुल्याचे बी त्याला फारसा प्रतिसाद देत नाही. हा फरक घडवणारे जनुक एजेटा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निश्चित केले.

याच्या बरेच आधी, १९५६ मध्ये, लाल फुलांचा टारफुला अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांतील मक्यात आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने घेतलेली भूमिका भारतीय वाचकाला थक्क करणारी आहे. बाधित भागातून माती, यंत्रे आणि पिके बाहेर नेण्यावर निर्बंध घातले गेले, शेताशेतांतून पाहणी झाली आणि जमिनीत इथिलीन वायू सोडण्याची युक्ती वापरली गेली. फळे पिकवणारा हाच वायू टारफुल्याच्या बीला यजमानाशिवाय उगवायला लावतो, आणि यजमान नसल्याने ते मरते. अनेक दशके आणि अफाट पैसा खर्चून तिथला बाधित प्रदेश अगदी थोड्यावर आणला गेला. बरडावर चार-पाच एकर ज्वारी पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातले काहीही शक्य नव्हते. त्याच्या हाती होते ते निंदण, फेरपालट, शेणखत आणि फार तर २,४-डी या तणनाशकाची फवारणी.

दुसरा धक्का मात्र टारफुल्याला बसला आणि तो कोणत्याही मोहिमेने दिलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन विदर्भात शिरले आणि वाशीम जिल्ह्यात तर ते खरिपाचे मुख्य पीक होऊन बसले. ज्वारी मागे हटण्याची कारणे गावोगाव सारखीच सांगितली जातात: परतीच्या पावसात सापडून काळी पडलेल्या दाण्याला भाव मिळत नाही, पाखरे राखायला माणूस नाही, रोही आणि रानडुकरे उभे पीक आडवे करतात, रेशनवर गहू-तांदूळ मिळतात आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी होऊन कडब्याची गरजही ओसरली आहे. यातली एकही गोष्ट टारफुल्याशी संबंधित नाही, तरी त्याचा अधिवास या कारणांमुळेच गेला. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्यावर टारफुला जगत नाही; एवढेच नव्हे तर सोयाबीनच्या काही वाणांची मुळेही कपाशीप्रमाणे स्ट्रायगाचे बी जागे करून उपाशी मारतात, असे आफ्रिकेतील प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे ज्या वावरात वीस-पंचवीस वर्षे सतत सोयाबीन-हरभरा घेतला गेला, तिथे बियांच्या साठ्यात नवी भर पडलेली नाही आणि जुना साठा वयाने तसेच फसव्या उगवणीने सरत गेला आहे. रानफुले जंगलतोडीने किंवा बांधकामाने कमी होतात, हे नेहमी सांगितले जाते. पीक बदलल्यानेही एखादे फूल एका तालुक्यातून निघून जाऊ शकते, याची नोंद तितक्या आवर्जून होत नाही.

त्याच्या जाण्याने कोणाचे बिघडले, असे विचारणारा शेतकरी अडाणी नाही आणि त्याला निसर्गप्रेमाचे धडे देण्याचे कारण नाही. मात्र टारफुल्यावर जगणारेही काही जीव आहेत. पंखांवर निळी झळाळी मिरवणाऱ्या जुनोनिया ओरिथ्या या फुलपाखराच्या अळ्या स्ट्रायगाची पाने खातात, आणि स्मिक्रोनिक्स या गटातील सोंडे आपली अंडी त्याच्या कोवळ्या बोंडीत घालतात, त्यामुळे बोंडीत बियांऐवजी गाठ तयार होते. हे भारतीय सोंडे टारफुल्याचा बंदोबस्त करण्यासाठी १९७० च्या दशकात मुद्दाम इथिओपियात नेण्यात आले होते. फुलपाखराला इतर खाद्य वनस्पतीही चालतात, त्यामुळे त्याचे फारसे अडत नाही. एकाच प्रजातीवर पोट बांधलेल्या सोंड्यांची गोष्ट वेगळी असते.

आज वाशीम जिल्ह्यात टारफुला पाहायचा झाल्यास तो दोन ठिकाणी शोधावा लागतो. एक म्हणजे घरच्या भाकरीपुरती किंवा जनावरांच्या वैरणीपुरती खरीप ज्वारी जिथे अजून पेरली जाते, ती वरच्या अंगाची बरड वावरे. आणि दुसरे म्हणजे नांगर न लागलेली गवताळ जागा, म्हणजे धुरे, गायरान आणि माळ. काळविटांसाठी राखलेल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यासारख्या माळरानाचे महत्त्व इथे कळते, कारण कुसळी आणि मारवेल यांसारख्या रानगवतांचा मूळचा मेळ जिथे टिकून आहे, तिथेच या गटातील वनस्पतींचे ज्वारीपूर्व जीवन कसे होते, हे अभ्यासता येते. शोधण्याचा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. गवत कमरेइतके वाढलेले असल्याने फूल वरून दिसत नाही, बुडाशी वाकून पाहावे लागते.

भरडधान्यांना पुन्हा प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न चालू आहेत, २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठीच साजरे केले, आणि सोयाबीनच्या भावाने निराश झालेले काही शेतकरी ज्वारीकडे वळलेच तर टारफुल्याचा प्रश्न पुन्हा उभा राहील. जिथे ज्वारी दहा-पंधरा वर्षांत झालेली नाही तिथे पहिली एक-दोन वर्षे पीक स्वच्छ येण्याची शक्यता अधिक, परंतु बी बाहेरूनही येते: बाधित गावातून आणलेल्या कडब्याबरोबर, दुसऱ्याच्या वावरातून आलेल्या औजारांना चिकटलेल्या मातीबरोबर, पावसाच्या लोंढ्याबरोबर आणि जनावरांच्या शेणातूनही. अशा वावरात सलग ज्वारी न घेता मध्ये कपाशी किंवा सोयाबीन ठेवणे, नत्र वेळेवर देणे आणि फुललेली रोपे बोंड्या तपकिरी होण्याच्या आत उपटून जाळणे, एवढे केले तरी साठा वाढत नाही. उपटलेली रोपे धुऱ्यावर टाकून देण्याची सवय मात्र सोडावी लागते, कारण हिरव्या बोंड्या उपटल्यानंतरही पिकू शकतात आणि पहिल्याच वाऱ्याला त्यांतले बी धुऱ्यावरून पुन्हा वावरात उतरते.